दुरुस्तीची चिठ्ठी

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! दोन पिशव्या, एक वळकटी आणि कुरकुरणारे गुडघे एवढं सामान घेऊन ठमीच्या दाराशी उभी राहिले, तर पोरगी अशी गळ्यात पडली की पिशवीतल्या बरणीचं झाकणच उडालं. ठमी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कॉलेजात शिकवते, तिथे तिला भारदस्त नावाने हाक मारतात. लहानपणी ठेंगणीठुसकी होती म्हणून ठमी, आणि आता माझ्या डोक्यावरून बघते तरी ठमीच. बहीण गेली, मेहुणे तिच्या आधीच गेले. तिला म्हणून मी आहे आणि मला म्हणून ती.

वर्षभर ‘मावशी ये, मावशी ये’ चाललं होतं. आता कामच तसं निघालं. ठमी प्रबंध लिहिते आहे. विषय असा की, गावात एकटी राहणारी माणसं किती, कुठल्या भागात जास्त, आणि ती वाढत का चालली आहेत. महिनाअखेर मुदत संपते. लागणारे आकडे सरकारी सांख्यिकी कचेरीत आहेत, पण ही कॉलेजातून सुटते तेव्हा तिथे कुलूप पडलेलं असतं. म्हणून माझी नेमणूक. पगार किती विचारलं तर म्हणाली, दिवसाला दोन कप चहा, तिसरा मागितलास तर नोकरी गेली.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. पुढची खोली कागदांची आणि मागची माणसांची, असं आपलं मी ठरवून टाकलं. खिडकीतून गल्ली दिसते. समोर सायकलवाल्याचं दुकान, खाली आमच्याच इमारतीत एका टेलरबाईंचं. मशीनचा आवाज वरपर्यंत येतो. मला आवडला. घरात कुणीतरी जागं असल्यासारखं वाटतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कचेरी पाहिली. बाहेरून अगदी कुठल्याही सरकारी इमारतीसारखी आहे. कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग, जिन्यावर पुसट झालेला बाण. वाचनालय मात्र लखलखीत. लांबच लांब टेबल, हिरवे दिवे, आणि गारठा असा की बोटं काकडीसारखी होतात.

ठमीने रात्री माझी शिकवणी घेतली होती. आकडा बघायच्या आधी तळटीप बघायची. कुणी मोजलं, कधी मोजलं, आणि ‘घर’ कशाला म्हटलं. एका वर्षी एका चुलीवर जेवणारे ते एक घर, पुढच्या मोजणीत एका छपराखाली झोपणारे ते एक घर. मग घरं वाढली की व्याख्या बदलली, हे कसं कळणार? मी म्हटलं, बाई गं, हे तर सासू-सुनेच्या भांडणासारखं झालं, आधी कुणाचं घर ते ठरवा. ती हसली. पण मुद्दा मला पटला.

शहराचे, जिल्ह्याचे मोठे अहवाल कुठेही मिळतात म्हणे. गल्लीवार कोष्टकं तेवढी इथेच, एकच प्रत. त्यांचे फोटो काढायचे नाहीत, यंत्रावर प्रत काढायची नाही, शाई वापरायची नाही. पेन्सिलीने उतरवून घ्यायचं. मला काय, मला आनंदच. शाळेत चौथीपर्यंतच बसले, पुढचं सगळं शिक्षण आमच्या दुकानातल्या रद्दीवर झालं. पुडी बांधायच्या आधी कागद वाचून काढायचा, ही माझी सवय. गिऱ्हाईक ताटकळायचं, यजमान डोळे वटारायचे.

तिथले जे साहेब आहेत ते फार सभ्य. कोटाच्या कॉलरला टाचण्यांची रांग लावलेली, म्हणून मी त्यांचं नाव ठेवलं टाचणीसाहेब. त्यांनी वाचकाचं कार्ड करून दिलं. पत्ता मी माझ्या गावचाच लिहिला, पाहुणी ती पाहुणी. प्रत्येक खंडाच्या शेवटी एक कागदी खिसा चिकटवलेला आहे, त्यात कोऱ्या चिठ्ठ्या. वर छापलं आहे: ‘चूक आढळल्यास वाचकांनी कळवावे. दुरुस्ती केली जाईल.’ वाचून मन भरून आलं. सरकार आणि चूक कबूल करतं!

६ नोव्हेंबर, गुरुवार

गारठ्यावर उपाय सापडला. टेलरबाईंकडे जाकीट शिवायला टाकलं. गडद हिरवं जाड कापड, आत अस्तर.

बाई पन्नाशीच्या, अंगाने काटकुळ्या, पण जीभ अशी चालते की मशीन मागे पडावं. माप घेताना म्हणाल्या, “ताई, कंबर कुठे आहे ते तुम्हीच दाखवा, मला काही सापडेना.” मी म्हटलं, “तुमची तरी कुठे दिसतेय, टेपला गुंडाळायला काही नको का?” मग दोघी हसून हसून बेजार. एकट्याच राहतात, दुकानामागच्या खोलीत. ठमीवर त्यांचा जीव आहे. पोरगी रात्री दिवा लावून बसते आणि सकाळी बिनानाश्त्याची पळते, तुम्ही आलात ते बरं झालं, असं दोनदा म्हणाल्या. बुधवारी जाकीट देणार आहेत.

उठवतच नव्हतं तिथून. वर येऊन उगाच खोल्यांतून फेऱ्या मारल्या. नव्या जागी मला असं होतं, हात रिकामे राहिले की पाय चालू लागतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मोठा पराक्रम झाला.

आमच्या गल्लीचं कोष्टक उतरवत होते. पुरुष किती, बायका किती, एकटे राहणारे किती, तळाशी एकूण. सवयीने बोटांवर बेरीज केली. जुळेना. पुन्हा केली. पुरुष आणि बायका मिळून येतात त्याच्यापेक्षा तळाचा एकूण आकडा एकाने कमी! शेजारच्या गृहस्थांकडून सुद्धा करून घेतली. बरोबर, एकाने कमी.

मग काय, काढली चिठ्ठी खिशातून आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की एकूण आकड्यात एक वाढवावा. टाचणीसाहेबांनी ती दोनदा वाचली. फार आभार मानले. म्हणाले, आपल्यासारखे वाचक आता राहिले नाहीत, आम्ही स्वतः चुका शोधत नाही, वाचक दाखवतात आणि आम्ही दुरुस्त करतो. फक्त एक सांगितलं. एकूण आकडा बदलता येत नाही, तो आधीच वर पाठवलेला असतो. वर गेलेली बेरीज खाली आणायची पद्धत नाही. दुरुस्ती तपशिलात होईल.

मला ते उफराटं वाटलं. आधी बेरीज आणि मग माणसं? पण कॉलरची एक टाचणी काढून त्यांनी माझी चिठ्ठी इतक्या अदबीने टोचली की मी कागद आवरून निघाले. ठमीला सांगितलं तर तिने मला उचलायचंच बाकी ठेवलं. प्रबंधाच्या आभारात माझं नाव घालणार आहे म्हणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जाकीट आणायला खाली गेले. दुकान नाही.

नीट लिहिते. दुकान बंद असतं तर पाटी असती, शटर असतं. तिथे भिंत आहे. भिंतीला विजेच्या मीटरच्या पेट्या लावल्या आहेत, त्यांच्यावर जुनी धूळ बसली आहे. मागच्या खोलीचं दारही नाही. मी येड्यासारखी हात फिरवून बघितला. बोटांना धूळ लागली.

समोर सायकलवाल्याला विचारलं, बाई कुठे गेल्या? कुठल्या बाई, म्हणाला. टेलरबाई म्हटलं. तो माझ्याकडे कणवेने बघून म्हणाला, आजी, या गल्लीत शिवणकाम करणारं कुणीच नाही, पलीकडच्या चौकात जावं लागतं. माणूस चेष्टा करणाऱ्यातला नाही.

ठमी आल्यावर तिलाही विचारलं. तिने आधी हसून घेतलं, मग माझा चेहरा बघून कपाळाला हात लावला. ताप आहे का ते बघत होती.

जाकिटाचं कापड माझ्या पिशवीत सापडलं. घडी मोडलेली नाही. खडूची एक रेघ नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ठमीने मला घरीच बसवलं. प्रवासाचा शीण आहे, नवी जागा आहे, असं ती म्हणते. मीही स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण त्या बाईंच्या हातचा टेप माझ्या अंगाभोवती फिरला होता. त्यांच्या बोटावर अंगुस्तानाची धातूची टोपी होती, ती गार लागली होती. शिणाने माणूस दिसेनासं होतं हे मी ऐकलंय, शिणाने नसलेलं माणूस उभं राहतं असं नाही ऐकलं.

दिवसभर मशीनचा आवाज नाही. खिडकीशी जाते, येते. पुन्हा जाते.

मन नको तिथे जातं आहे. एकाने कमी, एकाने कमी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कचेरीत गेले. खंड मागवला. आमच्या गल्लीचं पान उघडलं.

बेरीज जुळते.

एकूण आकडा तोच आहे. बायकांचा आकडा एकाने कमी झाला आहे. एकट्या राहणाऱ्यांच्या रकान्यातूनही एक गेला आहे. खाडाखोड नाही, वरून चिकटवलेलं नाही. तीच जुनी फिकी शाई, तेच पिवळं पान. माझ्या पेन्सिलीने उतरवलेल्या कागदावर मात्र आधीचा आकडा आहे.

टाचणीसाहेबांना गाठलं. आवाज चढला माझा, चार माणसांनी माना वर केल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, कोमट पाणी दिलं, आणि पोराला वेळापत्रक समजावून सांगावं तसं सांगितलं. तपशील दुरुस्त करायचा तर कुणाची तरी नोंद काढावी लागते. ज्याचं नाव सगळ्यांत कमी कागदांवर आहे त्याची काढतात. घरात दुसरं कुणी असेल तर ते स्वतःच्या अर्जात त्याचंही नाव लिहितं. एकट्या माणसाचं नाव लिहिणारं कोण असणार? म्हणून आधी एकटे. नोंद निघाली की माणूस निघतं, आणि गल्लीच्या आठवणीतूनही निघतं, त्याने कुणाला त्रास होत नाही. मला आठवतं कारण मी या गल्लीच्या कोष्टकात नाही, मी बाहेरगावची.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा दिवे लागलेले होते, बाहेर ऊन होतं, कुणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं.

मी म्हटलं, मला ती बाई परत हवी. तेही होतं म्हणाले. नवी चिठ्ठी भरा. नाव? मला नाव माहीत नव्हतं. नेमकं वय? गाव? आईवडील? काही नाही. इतकी हसले त्या बाईंबरोबर आणि नाव विचारलं नाही. साहेब म्हणाले, काळजी करू नका, माहिती नसेल तिथे आम्ही आसपासच्या नोंदींची सरासरी भरतो, तशी पद्धतच आहे.

मला घाई झाली होती. सही करून टाकली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मशीनचा आवाज आला. जीव भांड्यात पडला. धावत, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं धावत, खाली गेले. दुकान आहे! शटर, पाटी, दोऱ्यांच्या रिळांची रांग, सगळं जागच्या जागी. पाठमोरी बाई मशीनवर बसलेली.

तिने मान वळवली.

ती नाही. आमची बाई नाही ती. नाक सायकलवाल्याचं आहे. हनुवटीवर ठमीची खळी आहे. कपाळ पहिल्या मजल्यावरच्या, जिन्यात भेटणाऱ्या आजोबांचं. प्रत्येक गोष्ट ओळखीची आणि सगळं मिळून कुणाचंच नाही. वय विचाराल तर सांगता येणार नाही. ती म्हणाली, “या ताई.” आवाजात चार-पाच आवाज होते. एका खोलीत सगळे एकदम बोलले तर जसं ऐकू येईल तसं, फक्त हळू.

जाकीट तयार आहे म्हणाली, माझ्या पिशवीतल्या त्याच हिरव्या कापडाचं. घेतलं. घ्यायला नको होतं.

सायकलवाला समोरून ओरडून तिच्याशी गप्पा मारत होता, वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जाकीट घालून पाहिलं. मला होत नाही. ठमीने घातलं, तिलाही होत नाही. खांदे फार रुंद, बाह्या मधेच संपतात. आजोबांना सहज दिलं, त्यांनाही नाही. गल्लीतल्या सगळ्यांच्या मापांचा मध्य काढला असावा. कुणाचंच माप नाही ते.

ठमी म्हणते, टेलरबाईंनी पहिल्यांदाच बिघडवलं, एरवी त्यांचा हात किती चांगला! तिला वाटतं, ही बाई नेहमीचीच.

कचेरीत जाऊन आले. बायकांचा आकडा पुन्हा पहिल्यासारखा. एकूण मात्र तोच. म्हणजे बेरीज पुन्हा एकाने चुकते. साहेबांना विचारलं, आता हे तुम्ही दुरुस्त करणार? ते म्हणाले, कुणी दाखवलं तर.

कुणी दाखवणार नाही. मी तर नाहीच नाही. आजची तारीख टाकून मी पुन्हा उतरवलेला कागद वळकटीत खोल घालून ठेवला. चुकलेली बेरीज राहू दे तिथे सुखाने.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ठमीला कागद सापडला. वळकटी उन्हात टाकावी म्हणून उलगडली, आणि हातात आला.

बेरीज करून बघितलीच तिने. आणि आनंदाने ओरडली, “मावशी, यांनी अजून दुरुस्त केलंच नाही! मीच जाऊन चिठ्ठी देते.”

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, भिंत, अंगुस्तान, सरासरी, एकटी माणसं. ती ऐकून घेत होती, माझा हात हातात धरून. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाटलं पटलं. पण ते पाणी माझ्यासाठी होतं. म्हणाली, “मावशी, मी तुला एकटीला तिथे पाठवायला नको होतं गं.”

मग मी रागावले. म्हटलं, एका आकड्याने तुझं काय अडलं? ती म्हणाली, “अगं, एकटी राहणारी माणसं हाच माझा विषय. त्याच रकान्यात चूक सोडून पुढे गेले तर प्रबंध कशाला लिहायचा? आणि बेरीज पडताळायला मला कुणी शिकवलं? तूच ना, दुकानाच्या ओट्यावर बसवून?”

मी उठून वळकटी पुन्हा गुंडाळली.

मध्यरात्रीपर्यंत तळमळले. आता लिहिताना कळलं. या गल्लीत एकट्या राहणाऱ्या बायका किती? एक त्या टेलरबाई. आणि दुसरी — सरकारी कागदावर ठमी एकटीच राहते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठमी कॉलेजात गेली आणि मी थेट कचेरीत. साहेबांना म्हटलं, आता दुरुस्ती करायची झाली तर कुणाची नोंद काढाल, ते स्पष्ट सांगा. त्यांनी पान बघितलं. दुसरा मजला, दोन खोल्या, म्हणाले. मी म्हटलं, शिवणवाली बाई का नाही? तर म्हणाले, ती आता सगळ्यांची मिळून आहे, तिची नोंद प्रत्येकात थोडी थोडी आहे, ती निघत नाही.

मग मला काढा! साहेब हसले, वाईट नाही, मायेनेच. आपण या कोष्टकातच नाही, आजी. नसलेलं कसं काढणार?

म्हटलं, मग मला घाला. तिच्या घरात लिहा. एका चुलीवर जेवतो, एका छपराखाली झोपतो, कुठलीही व्याख्या लावा. मी तिचं नाव लिहिते, ती एकटी राहणार नाही.

त्यांनी अर्ज दिला. मी ठमीचं सबंध नाव लिहिलं, नातं लिहिलं, सही केली. शिक्का बसला.

आता बरं वाटतंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मागची पानं वाचली. टेलरबाई काटकुळ्या होत्या, असं लिहिलं आहे. मला आठवते ती रुंद खांद्यांची, हनुवटीला खळी असलेली. काटकुळी बाई डोळ्यांसमोर येत नाही. अंगुस्तान गार लागलं होतं म्हणे.

अक्षर माझंच आहे.

म्हणजे मी आता या गल्लीची झाले. गल्ली विसरेल ते मी विसरणार —

हे माझ्या आधी का लक्षात आलं नाही?

२३ नोव्हेंबर, रविवार

ठमीला म्हटलं, चल, माझ्या गावी जाऊ. आजच. चार दिवस. ती म्हणाली, तीस तारखेनंतर महिनाभर येते, वाटेल तेवढं खायला घाल. उद्या अर्धी रजा काढली आहे. माझ्या पाया पडायचं नाटक करून म्हणाली, मावशीबाई, एकच चिठ्ठी, मग संपलं.

मी दाराला कुलूप घालून किल्ली लपवली. तिने हसत हसत दुसरी काढली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वाचनालयात बसून लिहिते आहे. मला उशीर झाला. जिना, गुडघे — ती पुढे निघून आली. पोचले तेव्हा तिची चिठ्ठी टोचून झाली होती. साहेब ती चिठ्ठी आत घेऊन गेले.

मागे धावले. म्हटलं, ती एकटी नाही, माझा अर्ज आहे, शिक्का आहे. ते म्हणाले, आपली नोंद हंगामी आहे. पुढच्या मोजणीत कायम होईल. हंगामी माणसाचं लिहिलेलं धरत नाहीत.

धरत नाहीत.

ठमी समोर बसली आहे. टेबलाच्या पलीकडे. एक पान राहिलंय म्हणाली, पाच मिनिटं, मावशी, बस ना. ओढलं तर उठेना. सगळे बघायला लागले.

मग लिहिते. धरोत न धरोत. कुठल्यातरी कागदावर ती असू दे.

ठमी. माझ्या बहिणीची मुलगी. उंच. केस आखूड, कानामागे सारखे सारते. वर बघितलं. आहे.

रागावली की भांडी आपटत नाही. उलट इतकी हळू ठेवते की भीती वाटते. वर बघितलं. आहे. पेन्सिल चावते आहे.

लहानपणी अंधाराला नाही, वाऱ्याला भ्यायची. वारा सुटला की माझ्या कुशीत शिरायची. डोकं आधी. आहे.

लिहायला मान खाली घालावी लागते. घालू नये. पण न लिहिता —

शाळेतून येताना मला रोज काहीतरी आणायची. मुठीत. खडा, पान. काय ते — आणायची. आहे. हसली माझ्याकडे बघून.

उंच. केस — केस लिहिले आहेत वर. डोळे. डोळे लिहायचे राहिले. डोळे कसे —

वर बघितलं. खुर्ची आहे.

खुर्ची आहे. पेन्सिल आहे. टोकाला दात लागलेले.

नाही नाही नाही. लिहिते. बहिणीची मुलगी. मला बहीण होती. होती ना? तिला एक — वाऱ्याला भ्यायची ती कोण — मागच्या पानावर ठमी लिहिलंय. सगळीकडे ठमी. अक्षर माझंच —

गारठा फार आहे इथे.

साहेब आले. फार सभ्य माणूस. विचारत आहेत, आजी, कुणासाठी थांबलात? म्हटलं, सांगते, जिभेवर आहे अगदी. मी या गावात आले ती